वाटणीबाहेरचा हौद

वाटणी झाली तेव्हा घरातलं सगळं दोन भागांत बसलं. बसल्या नाहीत त्या दोनच गोष्टी. एक मागच्या अंगणातला पोहण्याचा हौद आणि दुसरी ताई. हौदाच्या मधून भिंत घालता येईना, आणि ताईच्या मधून घालण्याचा तर प्रश्नच नव्हता. वकिलाने चष्मा पुसला, थोडा विचार केला आणि दोन्हींच्या पुढे ‘सामाईक’ असं लिहून टाकलं.

ताई ही दोघा भावांची मोठी बहीण. लहानपणी एक ताप आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला; म्हणजे पाय जागेवरच राहिला, पण उजव्याहून बारीक आणि आखूड. चालताना ती पावलागणिक डावीकडे कलते. लग्न झालं नाही. वाटणीत तिला पंपखोलीला लागून असलेली खोली राहायला मिळाली आणि जेवणाची पाळी लागली: एक महिना थोरल्या भावाकडे, एक महिना धाकट्याकडे. हे तुला पटतंय का, असं तिला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. पण विचारलं नाही, हे तिने मनात धरलं आणि कधी सोडलं नाही.

आता हौदाबद्दल. अप्पा, म्हणजे या तिघांचे वडील, हौसमौज करणारे गृहस्थ नव्हते. टाच जमिनीला लागेपर्यंत चप्पल वापरायचे. अशा माणसाने एकदम पोहण्याचा हौद बांधायला काढला, तोही खाऱ्या पाण्याचा, तेव्हा सगळी गल्ली चाट पडली. विचारेल त्याला अप्पा एकच उत्तर द्यायचे, “पोरांना पोहता यायला हवं.” ते खोटं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या मुलीला रोज छातीभर पाण्यात चालवा, म्हणजे पाय आहे तेवढा तरी टिकेल. पण मुलीच्या पायासाठी हौद बांधला असं म्हटलं की तो पाय चार घरांत चघळला जाणार, आणि मुलगी अजून उजवायची होती. म्हणून हौद पोरांच्या नावावर खपवला गेला. पोरं शाळेत गेली की ताई पाण्यात उतरायची. “कोणी आलंच तर हातात ब्रश असू दे,” अप्पांनी बजावलं होतं, “भिंती घासतेय म्हणायचं.” एवढा बंदोबस्त करूनही मुलगी उजवली गेली नाही ती नाहीच. थाप मात्र पक्की बसली. आधी आई गेली, मग अप्पा गेले, आणि खरं काय ते जाणणारी एकटी ताई उरली. लांब दांड्याचा तो ब्रश तिच्या हातात तसाच राहिला.

पाणी छातीपर्यंत आलं की आखूड पाय आखूड राहत नसे. पाणी अंगाला खालून आधार द्यायचं आणि दोन्ही पावलं सारखी पडायची. ती कलत नसे. हौदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती चारचौघींसारखी चालत जायची आणि परत यायची. दिवसातला तेवढाच वेळ तिला स्वतःची लाज वाटत नसे. बाकीचा दिवस ती त्या वेळेच्या जोरावर काढायची, यात काही वाढवून सांगितलेलं नाही.

खाऱ्या पाण्याचा हौद म्हणजे काही समुद्र नव्हे. मीठ असतं ते जिभेला जेमतेम कळेल इतपत. पंपाजवळ एक डबी असते, तिच्यात धातूच्या पट्ट्या. वीज सोडली की त्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतं. लोकांना वाटतं, मीठ टाकलं की झालं, रसायनांची कटकट मिटली. कसली मिटते? असं पाणी आपल्या आपण चढत जातं. ‘चढतं’ हा अप्पांचा शब्द. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, तांबड्या औषधाचे थेंब टाकायचे. फिकट गुलाबी रंग आला तर ठीक, भडक गुलाबी झालं तर पाणी चढलं, पिवळं पडलं तर उतरलं. चढलं की थोडं ऍसिड, उतरलं की थोडा सोडा. चढलेल्या पाण्यात क्लोरीन असून नसल्यासारखं होतं आणि डबीतल्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. उतरलेलं पाणी डोळ्यांना झोंबतं आणि फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. आणि ऍसिड नेहमी पाण्यात ओतायचं, ऍसिडमध्ये पाणी कधीच नाही.

हे सगळं अप्पांनी ताईला बसवून शिकवलं. पोरांना शिकवलं नाही. त्यांनी येता-जाता पाहिलं तेवढंच. थोरल्याने पाहिलं ते अप्पा ऍसिड ओतत असताना आणि धाकट्याने पाहिलं ते सोडा टाकत असताना. त्यामुळे थोरल्याच्या मते हौदाला ऍसिड लागतं आणि धाकट्याच्या मते सोडा. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि अशी माणसं फार त्रास देतात.

अप्पा गेल्यावर भाऊ भांडले. कशावरून ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही. एकाने दुसऱ्याला न विचारता गच्चीचा दरवाजा बदलला, दुसऱ्याने एकाच्या सासऱ्यांसमोर काहीतरी तोडून बोलून टाकलं, मग अप्पांच्या खुर्चीवरून झालं. बघता बघता गोष्ट वाटणीवर आली. मोजणीवाला फीत घेऊन अंगणात आला, हौदापाशी अडला आणि म्हणाला, “हा खड्डा बुजवून का नाही टाकत? सपाट जागा झाली की बरोबर मधून रेघ मारून देतो.”

कित्येक महिन्यांत ज्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांनी एकाच वेळी माना डोलावल्या. ताई पंपखोलीच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं. पण लगेच थोरल्याने विचारलं, “रेघ फाटकाच्या कुठल्या बाजूने?” आणि धाकटा म्हणाला, “ते तू ठरवणार का?” झालं. मोजणीवाला फीत गुंडाळून गेला आणि हौद वाचला. त्या दिवशी ताईला एक गोष्ट कळली ती कायमची: हे दोघे बोलायला लागले की हौद गेला.

वाटणीनंतर दोघेही हौदाकडे आपापल्या हक्काने बघू लागले. आत्तापर्यंत पाणी ताईच सांभाळत होती. कसं, हे कोणी विचारलं नव्हतं. आता प्रत्येकाला वाटू लागलं की आपण लक्ष घातलं नाही तर दुसरा सामाईक मालाचं वाटोळं करील. थोरला संध्याकाळी कामावरून आला की कपडे बदलायच्या आधी मागच्या दाराने यायचा आणि कॅनमधलं ऍसिड पाण्यात ओतायचा. धाकटा सकाळी फिरून आला की डब्यातला सोडा फेकायचा. दोघेही इकडेतिकडे बघून, पोरं चोरून साखर खातात तसे. ताईने नळीत थेंब टाकले की सकाळी पाणी पिवळं आणि दुपारी भडक गुलाबी. तिला कोणाचं नाव विचारायची गरजच नव्हती. मनातल्या मनात तिने दोघांची नावं ठेवली होती, एक ऍसिड आणि एक सोडा. ज्यांना तिने कडेवर घेऊन वाढवलं, त्यांची ही नावं ठेवताना तिला वाईट वाटलं. मग सवय झाली.

हे असंच चाललं असतं तर महिनाभरात हौदाचं गटार झालं असतं. ताईने तसं होऊ दिलं नाही. तिचं जेवण दोन्ही घरांत, त्यामुळे वावरही दोन्ही घरांत. धाकटा सोड्याचा डबा मागच्या व्हरांड्यातल्या फळीवर ठेवायचा. ताईने त्यातला बराचसा सोडा काढून घेतला आणि त्या जागी मीठ भरलं. मीठ तर हौदात टाकायचंच असतं. ते कोणाच्या हाताने पडलं याला काय महत्त्व? थोरल्याच्या कॅनमधलं ऍसिड तिने बादलीतल्या पाण्यात जपून ओतलं आणि ते पातळ पाणी परत कॅनमध्ये भरलं. नवा माल आला की प्रत्येक वेळी ती हेच करायची. आता दोघेही रोज मनाचं समाधान होईपर्यंत ओतत होते आणि पाण्याला त्याचा पत्ता नव्हता. उरलेलं खरं काम ताई दुपारी करायची, थेंब टाकून, रंग बघून, अप्पांनी शिकवलं तसं. मग ब्रश घेऊन पाण्यात उतरायची.

एवढ्यावर थांबली असती तर तिला दोष देता आला नसता. पण ती एवढ्यावर थांबली नाही.

“पाणी परत पांढरट दिसतंय,” थोरला जेवताना म्हणायचा. “त्याने काही टाकलं का गं?”

“मला काय माहीत?”

“तुझ्या खिडकीतून सगळं दिसतं की.”

“खिडकी आहे ती, पोलीस चौकी नाही.”

थोरली भावजय वाढता वाढता म्हणायची, “ताईंना कशाला मध्ये ओढता? त्या बिचाऱ्या दिवसभर त्या भिंती घासतात.”

“तेच म्हणतोय मी. या वयात हिला राबवायचं आणि स्वतः घाण करायची.”

ताई खाली मान घालून जेवायची. पुढच्या महिन्यात पाट बदलायचा. तिथे धाकटा विचारायचा, “दादा संध्याकाळी येऊन काहीतरी ओततो ना? सांध्यांतलं सिमेंट निघायला लागलंय.”

“मला काय माहीत?” ताई म्हणायची. आणि एक घास झाल्यावर, “मात्र तू हौदाची वाट लावलीस असं म्हणत होता.”

तेवढं पुरायचं. धाकट्याचा चेहरा आक्रसायचा, त्याची बायको ताटातली भाजी उगाच इकडची तिकडे करायची, आणि आणखी काही महिने तरी हे दोघे समोरासमोर येणार नाहीत याची खात्री व्हायची. कधी फार दिवस शांततेत गेले तर ताई पाणी मुद्दाम थोडं चढू द्यायची. हौद जरासा दुधाळ झाला की दोन्ही घरांत कुजबुज सुरू व्हायची. मग ती ते परत जागेवर आणायची. स्वतःच्या भावांच्या मनातलं विष तिने पाण्याइतकंच मोजून मापून सांभाळलं. फार चढू दिलं नाही आणि पार उतरूही दिलं नाही. हे चांगलं नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. धाकट्याच्या घरी कोणी आजारी पडलं तेव्हा थोरला दारापर्यंत येऊन परत गेला, ते तिने खिडकीतून पाहिलं. त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी पाण्यात उतरली आणि चालली.

मग ती स्वतःच आजारी पडली. ताप छातीत उतरला आणि तिने अंथरूण धरलं. दोन्ही भावजया आळीपाळीने पेज घेऊन यायच्या, कपाळावर हात ठेवायच्या, जायच्या. ताई विचारायची, “पाणी कसं आहे?” त्यांना वाटायचं, तापात बरळतेय.

पाणी वाईट होतं. याच दिवसांत थोरल्याचा जुना कॅन तळाला गेला होता आणि धाकट्याचा डबाही. दोघांनी नवं आणलं आणि जुन्याच सवयीने भरपूर ओतलं. पण हे नवं खरं होतं. एक संध्याकाळी सणसणीत ऍसिड ओततोय, दुसरा सकाळी मूठ मूठ सोडा फेकतोय, आणि मध्ये ताई नाही. हौद पांढराफटक पडला, तळ दिसेनासा झाला. शेवटी पंपाजवळची डबी बंद पडली आणि मशीनवर लाल दिवा लुकलुकायला लागला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर त्याने वाटणीचा कागद बघून सांगितलं, “सामाईक आहे. दोन्ही साहेब समोर असल्याशिवाय मी उघडणार नाही. मागे एका ठिकाणी असंच झालं, मला दोन्हीकडून शिव्या बसल्या.”

म्हणून रविवारी सकाळी दोघे भाऊ हौदाच्या दोन काठांना येऊन उभे राहिले, अनोळखी माणसांसारखे हातांची घडी घालून. ताईने खाटेवरूनच खिडकीचं दार थोडं ढकललं.

दुरुस्तीवाल्याने डबी उघडली. पट्ट्यांवर चुन्यासारखा जाड थर. “सोडा कोण टाकतं?” त्याने विचारलं.

धाकटा घसा खाकरून म्हणाला, “मी. पाणी उतरतं ना.”

“आणि ऍसिड?”

“मी,” थोरला म्हणाला. “पाणी चढतं.”

दुरुस्तीवाला एकदा या काठाकडे बघे, एकदा त्या. “म्हणजे एक जण चढवतो आणि एक उतरवतो. किती दिवस?”

वाटणीपासून, असं दोघेही एकदम म्हणाले.

“शक्यच नाही,” दुरुस्तीवाला म्हणाला. “असं केलं तर हौद एक उन्हाळा टिकत नाही. आणा बघू तुमचं सामान इकडे.”

दोघांनी सामान आणलं, जुनंही आणि नवंही. दुरुस्तीवाल्याने नव्या पुड्यातला चिमूटभर सोडा फरशीवर टाकला आणि त्यावर नव्या कॅनमधलं थोडं ऍसिड सोडलं. ते फसफसून वर आलं. “हे तुम्ही हौदात करताय,” तो म्हणाला. मग जुन्या डब्यातलं टाकलं आणि जुन्या कॅनमधलं ओतलं. काहीच झालं नाही. पांढरे खडे ओले होऊन पडून राहिले. त्याने खाली वाकून पाहिलं, दोन बोटांत एक खडा चिरडला आणि म्हणाला, “हे मीठ आहे, साहेब. आणि हे जवळजवळ पाणी.”

मग दोघांनीही एकाच वेळी मान वळवली आणि पंपखोलीच्या शेजारच्या खिडकीकडे बघितलं. ताईने डोळे मिटून घेतले.

तिच्या कानावर आलं ते हसू. आधी धाकट्याचं, नाकातून सुटलेलं, मग थोरल्याचं. “म्हणजे मी वर्षानुवर्षं मीठ फेकतोय,” धाकटा म्हणत होता. “आणि मी पाणी घालतोय पाण्यात,” थोरला म्हणाला. लहानपणी एका पांघरुणात घुसून हसायचे तसे दोघे हसत होते. ताईला अंथरुणात हुंदका आला. काही झालं तरी तिचीच पोरं होती ती. क्षणभर तिला खरोखर बरं वाटलं, इतकं की पुढे काय होणार हे तिला सुचलंच नाही.

दोघे तिच्या खोलीत आले. खुर्ची एकच होती, म्हणून दोघेही खाटेच्या कडेला बसले, खांद्याला खांदा लावून.

“ताई, हे तू केलंस?” थोरल्याने विचारलं.

“पाणी राहावं म्हणून केलं.”

“मग आम्हाला सांगायचं ना. मी याला शिव्या घालत बसलो, हा मला.”

“आणि आमचं एकमेकांना कळवत कोण होतं?” धाकटा हळूच म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला एकेक आठवत होतं. “दादा, तू कधी म्हणालास का, मी हौदाची वाट लावली म्हणून?”

“मी? मी तुझं नावसुद्धा घेत नव्हतो. तूच म्हणे मला अडाणी म्हणालास.”

“कोण म्हणालं?”

परत दोघांनी तिच्याकडे पाहिलं. एकमेकांना दोष देऊन थकलेली माणसं तिसऱ्यावर फार लवकर एक होतात. “जाऊ दे,” थोरला मोठ्या मनाने म्हणाला. “एकटं माणूस. डोक्यात काहीबाही येतं.” आणि मग ज्याची तिला इतकी वर्षं भीती होती ते वाक्य त्याने उच्चारलं, तेही प्रेमाने. “छोट्या, मी काय म्हणतो, बुजवून टाकू या. हिची पण सुटका होईल. या पायाने भिंती घासायच्या म्हणजे काय चेष्टा आहे?”

“मी तेच म्हणणार होतो,” धाकटा म्हणाला.

ताई उठून बसली. “मी घासत नाही,” ती म्हणाली. “मी चालते. अप्पांनी हौद माझ्या पायासाठी बांधला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं. ब्रश नुसता दाखवायला होता.”

दोघांनी तिच्याकडे बघितलं ते तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. “ताई,” थोरला म्हणाला, “अप्पांनी माझ्या कमरेला दोरी बांधून मला त्या हौदात सोडलं होतं. पोरांना पोहता यायला हवं, असं अख्ख्या गल्लीला सांगायचे ते. आणि तुला आजवर आम्ही ब्रशशिवाय कधी पाहिलं का?”

अप्पांनी दिलेली थाप तिने स्वतःच इतकी नीट पाळली होती की आता खऱ्याला उभं राहायला जागा नव्हती. मग ती चिडली आणि जे हाताशी होतं ते तिने उचललं. “छोट्या, अप्पा आजारी असताना हा तुझ्याबद्दल काय म्हणाला होता, सांगू? तू घरी नसताना, सगळ्यांसमोर?”

ते खोटं नव्हतं, खरोखरच बोलला होता. थोरल्याचा चेहरा पडला. पण धाकट्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, “नको सांगू, ताई. आता पुरे कर. तू तेच करत आलीस ना?”

पुढचं भराभर झालं. दोन्ही चुली एक झाल्या नाहीत, पण दोन्ही घरांतली माणसं एकमेकांकडे जाऊ-येऊ लागली. भावजया गच्चीवर एकत्र बसायला लागल्या. ताई खोलीतून बाहेर पडू लागली तोवर पाणी सोडायचा दिवस ठरला होता. हौदाच्या तळाचा नळ उघडला आणि पाणी मागच्या गटाराकडे जायला लागलं. ताई ब्रश घेऊन पायऱ्या उतरली.

“अहो ताई, आता काय घासताय?” थोरली भावजय गच्चीवरून म्हणाली. “उद्या माती पडणार त्यात.”

“असू दे.”

पाणी छातीशी होतं. ती चालली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. परत आली. पाणी पोटापर्यंत आलं तेव्हा डावीकडे जरासा झोल गेला, पण तो तिलाच कळला. कमरेच्या खाली गेलं तेव्हा गच्चीवरूनही दिसला असता. मांडीशी आलं, गुडघ्याशी आलं. प्रत्येक फेरीला ती थोडी थोडी पुन्हा जमिनीवरची होत गेली. शेवटी ओल्या फरशीवर, उघड्या हौदात, ती ब्रशच्या दांड्याचा आधार घेऊन उभी राहिली, आणि तो ब्रश आयुष्यात पहिल्यांदा खरोखर कामाला आला. कोणी बघत नव्हतं. तिने रडून घेतलं आणि पायऱ्या चढून वर आली.

दुसऱ्या दिवशी राडारोडा पडला, मग माती. पंपखोलीत मिठाची पोती उरली होती. दोघे भाऊ कामावर गेले होते. ताई मजुरांच्या मुकादमाला म्हणाली, “साहेबांनी सांगितलंय, ही पोती वरच्या मातीत मिसळा.” त्याला काय? त्याने मिसळली.

भावांनी त्या जागेवर मधोमध, लांबीच्या बाजूने, सपाट फरशीची वाट करून घेतली आणि तिला दोन्ही बाजूंनी चकचकीत कठडा लावला. “तुझ्यासाठी, ताई,” धाकटा म्हणाला. “तुला चालायची एवढी आवड, तर आता सुखाने चाल. धरायला कठडा आहे, घसरायची भीती नाही.” खरं म्हणजे दोघांनी ते फार मनापासून केलं होतं. पहिल्या दिवशी दोघेही तिला चालताना बघायला उभे राहिले. ती कठडा धरून कलत कलत त्या टोकाला गेली आणि कलत कलत परत आली. “बघ,” थोरला म्हणाला, “किती सोपं झालं.”

वाटेच्या दोन्ही बाजूंना हिरवळ लावली होती. ती आठवडाभर टिकली आणि पिवळी पडली. परत लावली, परत जळाली. थोरल्याचं म्हणणं, पाणी कमी पडतंय. त्याने संध्याकाळी पाइप लावला. धाकट्याचं म्हणणं, पाण्याने मुळं कुजली. त्याने सकाळी नळ बंद करून खताची पोती टाकली. काही दिवस दोघे हसत हसत वाद घालत होते. मग हसणं राहिलं आणि वाद उरला. मग एका संध्याकाळी ताईने खिडकीतून पाहिलं: थोरला मागच्या दाराने आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच नळ सोडला. भावजया गच्चीवर बसेनाशा झाल्या.

तो महिना धाकट्याकडच्या जेवणाचा होता. धाकटा घास हातात धरून म्हणाला, “ताई, दादा संध्याकाळी तिथे काही टाकतो का? गवत असं मरत नाही.”

दादा काही टाकत नाही हे तिला माहीत होतं. काय टाकलंय आणि कोणी टाकलंय, हेही माहीत होतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. दोघे परत हसले असते आणि परत तिच्याकडे बघितलं असतं. आता वाचवायलाही काही उरलं नव्हतं. तिचा डावा पाय हल्ली बसल्या जागी ठणकायचा.

“मला काय माहीत?” ताई म्हणाली, आणि तिने भाजी मागून घेतली.